खिशात मावलेला पेलिकानो

रविवार, ७ जानेवारी २००७. सकाळी ९.
चष्म्याच्या दुकानाच्या वार्षिक सोडतीत मला एमपी-थ्री प्लेअर लागला. बाकीच्यांना छत्र्या. ५१२ एमबी, काडेपेटीएवढा. मालक म्हणाला, एलिएसेर, तुझ्या वयाला छत्रीच बरी, बदलून देतो हवं तर. दुर्लक्ष केलं. अठरा वर्षं भिंगं घासणाऱ्यालाच बारीक कामाची किंमत असते.
संकल्प: सासऱ्याची सगळीच्या सगळी गाणी यात बसवणार. चारशे बारा. एकही वगळणार नाही.

तोच दिवस, ११.
वही नवी आहे, तर पार्श्वभूमी लिहून ठेवतो. शिस्त म्हणून.
सासरा डॉन प्रोस्पेरो, वय अठ्ठ्याहत्तर. मालमत्ता: एक पिको. म्हणजे दारातून आत न जाणारा स्पीकर, त्यावर चोचीत मासा धरलेला पेलिकन रंगवलेला. नाव ‘एल पेलिकानो’. चाळीस वर्षं आमचं अर्धं बारांकिया शहर याच्यापुढे नाचलं म्हणे. सध्या त्यावर कोंबड्या बसतात.
रेकॉर्डी बंदरावर खलाशांकडून घेतलेल्या, आफ्रिकेतल्या. सगळ्यांची लेबलं खरवडलेली. दुसऱ्या पिकोवाल्याला गाण्याचं नाव कळलं तर तोही शोधून आणेल, ही भीती. मग गल्लीनेच गाण्यांना नावं दिली: लंगडी, पोस्टमन, रडवी. मोठ्या माणसांचा पोरखेळ.
ऑक्टोबरच्या पावसात रस्त्याचा ओढा झाला आणि रेकॉर्डींचे खोके नदीला मिळाले. तेव्हा म्हातारा दोन दिवस जेवला नाही. उरल्या त्या फाइली, माझ्या कॉम्प्युटरवर. रेडिओ स्टेशनवरच्या आनिबालने आधीच करून दिलेल्या. त्याच्याकडची प्रत म्हाताऱ्याने समोर खुर्ची टाकून पुसायला लावली. प्रत एकच असावी, दुसरी म्हणजे चोराला दार उघडं, असा त्याचा बाणा.

बुधवार, १० जानेवारी.
फाइली मोजल्या. चौदा जीबी. निव्वळ उधळपट्टी. आनिबालला इंजिनिअर म्हणतात.
उपाय सोपा. बिटरेट कमी करायचा. एका सेकंदाला किती गाणं खर्च करायचं ते आपण ठरवायचं, फाइल आपोआप आटते. फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. १२८ ठेवला. खाली चौकट होती: मूळ फाइल पुसायची का. टिक केली. प्रत एकच असावी हा सासऱ्याचाच नियम. शिवाय डिस्क भरत आली होती.

शनिवार, १३ जानेवारी.
१.३ जीबी झाले. मावत नाहीत.
आनिबाल चष्म्याला स्क्रू बसवायला आला होता. त्याला सहज विचारलं, माझं नाव न घेता. म्हणाला, त्या माणसाला सांग, गाणी निवड, पण बिटरेट खाली नेऊ नकोस. आणि हसला. निवडणं हे दुबळ्यांचं काम.
६४ वर नेलं. मूळ नाहीत, म्हणून १२८ वाल्याच पुन्हा आटवल्या. आधीच बारीक केलेलं आणखी बारीक करायला वेळही कमी लागतो.

मंगळवार, १६ जानेवारी.
६९० एमबी. ४८ वर नेलं. ५१९. प्लेअर उघडून पाहिला तर ५१२ लिहिलेल्या डबीत जागा ४८८ची. सगळे चोर.
३२ वर नेलं. ३४६. मावली. सगळी. चारशे बारा.
वर जागाही उरली. त्यात ‘तीस दिवसांत इंग्रजी’ टाकलं. उद्यापासून सुरू.

बुधवार, १७ जानेवारी.
बायकोला, नूरिसला, इअरफोन दिला, रडवी लावली. तिच्याच बापाची लाडकी. नूरिस म्हणाली, मागे कुणीतरी भजी तळतंय. मग म्हणाली, सुरुवातीची घंटा कुठे गेली. घंटा नव्हतीच म्हणालो. ती म्हणाली, एलिएसेर, मी त्या घंटेवर चालायला शिकले. बायकांना प्रत्येक गोष्टीत आठवणी घुसडायच्या असतात.
मग शास्त्रीय चाचणी केली. डोळे मिटून आधीची फाइल आणि नंतरची फाइल, आलटून पालटून. काडीचा फरक नाही. (आधीची पुसलेली असल्यामुळे दोन्ही वेळा नंतरचीच लावावी लागली. तरी निकाल तो निकाल.)
इंग्रजी उद्या.

रविवार, २८ जानेवारी.
कार्निव्हलच्या आधीच्या रविवारी, ११ फेब्रुवारीला, दुपारी चौकात पिकोंचा सामना. एल पेलिकानो विरुद्ध पलीकडच्या वस्तीतला एल मारिस्काल. म्हाताऱ्याने शब्द देऊन टाकला, मला न विचारता.
इस्त्रीचा शर्ट घालून घरी आला. म्हणाला, जावई, हा माझा शेवटचा. रडवी सुरुवातीला लावायची नाही, अगदी शेवटी. ती लागली की मारिस्कालवाले गपचूप तारा गुंडाळतात, आजवर असंच झालंय. तेवढं एकदा मोठ्याने ऐकायचं, मग मरायला मोकळा. फाइली नीट आहेत ना, असं दोनदा विचारलं.
निर्धास्त राहा म्हणालो. माणसाला धीर द्यावा.

शनिवार, ३ फेब्रुवारी.
आनिबाल तारा जोडायला येणार आहे. त्याने मूळ फाइली मागितल्या. सुरक्षित आहेत म्हणालो. तो म्हणाला, छोट्या स्पीकरात खोट लपते, पेलिकानोत नाही लपणार, तिथे गवयाचं थुंकी गिळणंसुद्धा ऐकू येतं. घाणेरडा माणूस.
जेवण गेलं नाही. गरमीमुळे.

रविवार, ४ फेब्रुवारी. सकाळी १०.
सुचलं. कमी करता येतं तर वाढवताही येणारच. त्याच सॉफ्टवेअरने ३२ च्या पुन्हा मोठ्या फाइली केल्या. डिस्क भरली. चौदा जीबी.
चौदा म्हणजे चौदा. गेलेलं सगळं परत आलं. चार आठवडे उगाच जीव टांगणीला. म्हणजे, लागला असता, कुणा दुसऱ्याचा.
नूरिससाठी अंडं भरून तळलेल्या मक्याच्या आरेपा आणल्या. ती म्हणाली, काय केलंस. संशयी स्वभाव.

रविवार, ११ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.
सामना झाला. वारा फार होता. तारा जुन्या होत्या. चौकाच्या भिंती चुकीच्या अंतरावर आहेत.
लंगडी लागली तेव्हा लोक एकमेकांकडे बघू लागले. पोस्टमन लागल्यावर एक बाई म्हणाली, गवयाला बादलीत घातलंय का. आनिबाल तारा तपासत होता. मग त्याने तपासणं सोडून माझ्याकडे पाहिलं. मी पेलिकनचं चित्र बघत होतो.
शेवटी रडवी. म्हाताऱ्याने टोपी काढली. घंटा आली नाही. तुतारीच्या जागी पत्रा घासल्यासारखं काहीतरी आलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, पेलिकानोला सर्दी झालीय, त्याला रम पाजा. सगळा चौक हसला. मारिस्कालवाल्यांनी तारा गुंडाळल्या नाहीत.
म्हाताऱ्याने हात वर करून गाणं बंद करायला लावलं. माइक घेतला. म्हणाला, मंडळी, माफ करा, माझे कान गेलेत, बटणं मीच चुकीची फिरवली. आनिबालचा दोष नाही, कुणाचा नाही. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, सामना हरला तरी.
म्हणजे बटणं. मला तेच वाटत होतं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी.
म्हातारा पेलिकानो विकतोय. लाकूडवाला येऊन माप घेऊन गेला. नूरिस रडतेय, म्हणते बाबांचे कान असे एका दिवसात कसे जातील.
सगळ्या बाजूंनी विचार केला. मी बोललो तर कुणाचं भलं होणार आहे? वय झालं की कान जातातच, आज नाही तर उद्या. तेव्हा हे फार तर आगाऊ झालं.
संकल्प: गप्प राहणे.
दुपारपर्यंत पाळला. नंतर पुन्हा नव्याने केला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी.
नवा बेत. रडवीची दुसरी रेकॉर्ड जगात कुठेतरी असणारच. इंटरनेटवर शोधायची, मागवायची, गुपचूप जागेवर ठेवायची. फक्त नाव हवं.
म्हाताऱ्याकडे गेलो. सहज विचारतोय असं दाखवून म्हणालो, डॉन प्रोस्पेरो, आता तर सामना संपला, रडवीचं खरं नाव तरी सांगा.
म्हणाला, मला काय माहीत. एकाहत्तर साली धक्क्यावरच किल्लीने लेबल खरवडलं, न वाचता. माहीतच नसलं तर दारू चढल्यावर तोंडातून निघणार कसं?
बंदोबस्ताची हौस. असल्या लोकांमुळेच देश मागे आहे.
कॉम्प्युटरवर शोधात ‘आफ्रिका, तुतारी, घंटा’ असं टाकलं. शाळेच्या घंटा विकणारी एक कंपनी निघाली.

मंगळवार, २० फेब्रुवारी.
कार्निव्हलचा शेवटचा दिवस. गेलो नाही. सगळीकडे लोक नाचत होते, आणि सगळ्यांना घंटा ऐकू येत होती.

बुधवार, २१ फेब्रुवारी. राखेचा बुधवार. दुपारी १.
सकाळी नूरिस बापाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, या वयात असे कान मी पाहिले नाहीत, तिशीतल्या माणसाचे आहेत. नूरिस घरी आली, कपाळावर चर्चमधली राख, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिने बोलायला हवं होतं.
मी म्हाताऱ्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. १२८, ६४, ४८, ३२. चौकटीतली टिकसुद्धा.
तो म्हणाला, बस. लंगडीच्या पहिल्या ठोक्यालाच कळलं होतं मला. मग मी विचारलं, तर तुम्ही माइकवर कानांचं का सांगितलंत. म्हणाला, पोरगी समोर उभी होती. मी खरं बोललो असतो तर ती मरेपर्यंत या गल्लीत पेलिकानो मारणाऱ्याची बायको म्हणून राहिली असती. माझे कान गेलेत हेच ठरलंय, तूही तेच सांग. डॉक्टरला काय कळतं.
मला रडू आलं. लिहून ठेवतो, कारण कुणी वाचणार नाही.
म्हणालो, डॉन प्रोस्पेरो, निदान चाल तरी वाचवू. मी गुणगुणतो, तुम्ही चुका काढा, पाठ झाली की नूरिसला शिकवतो. तो हो म्हणाला. खुर्ची जवळ ओढली, डोळे मिटले.
पहिल्यांदा म्हणालो, तो म्हणाला खाली घे. दुसऱ्यांदा म्हणाला, तिथे वळण आहे, सरळ नाही. तिसऱ्यांदा म्हणाला, ते वळण नव्हे.
चौथ्यांदा तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, जमलं.
मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आता थांब जावई, तुझं ऐकून ऐकून माझ्या डोक्यातली चालही पुसली जायला लागली.