सलोखा अधिकाऱ्याचा मार्च महिना

३ मार्च
कंपनीने मला सलोखा अधिकारी केलं! खाण सुरू झाल्यापासून वरची वस्ती आणि खालची वस्ती एकमेकांच्या जिवावर उठल्यात. वरच्यांना नोकऱ्या मिळाल्या, खालच्यांना गढूळ पाणी. किरकोळ गैरसमज. महिन्याभरात मिटवतो. बायको खालच्या शाळेत शिकवते. म्हणाली, आधी पाण्याचं बघा. तिला डिप्लोमसी कळत नाही.

१० मार्च
दोन्ही वस्त्यांची फुटबॉल मॅच ठेवली. खेळातून मैत्री. हाफटाइमच्या आधीच आटोपली. रेफरी मीच. डोळा सुजलाय. पण लोक एकमेकांच्या जवळ आले, हे मान्य करावंच लागेल.

१६ मार्च
साहेब म्हणाले, पाणी गाळायचा प्लांट यंदा जमणार नाही, तू बोलत राहा. बोलण्यात माझा हात कोण धरणार?

१८ मार्च
वरच्यांचा पुढारी डंपर चालवतो. त्याला सांगितलं, खालचे तक्रारी करतात म्हणून भरती थांबली. खालच्यांची पुढारी सुईणबाई. त्यांना सांगितलं, वरच्यांच्या पगारातच सगळं जातं, पाण्याला काय उरणार? दोघांनाही पटलं. पर्सनल टच.

२५ मार्च
संयुक्त बैठक. शर्टाला इस्त्री करण्यात उशीर झाला. पोचलो तर डंपरवाला आणि सुईणबाई शेजारी शेजारी बसून हसतायत! म्हणे, मी कुणाला काय सांगितलं ते ताडून बघत होते. मी भाषणाचा कागद काढला. सुईणबाई म्हणाल्या, "राहू द्या साहेब, तुमचं काम झालं. घरी जा." मला भरून आलं.

२६ मार्च, सकाळ
दोन्ही वस्त्या खाणीच्या फाटकावर, एकाच सतरंजीवर! फोटोग्राफरला बोलावलं.

दुपार
फोटोग्राफरला आत येता येईना. आम्हाला बाहेर जाता येईना. मागणी एकच: आधी पाणी, मग खोदकाम. बायकोला फोन केला, डबा पाठव. म्हणाली, कशी पाठवू, मीच फाटकावर बसलेय.

२८ मार्च
बिस्किटंही संपली. साहेबांनी प्लांटच्या करारावर सही केली. बाहेर जल्लोष. डंपरवाल्याने सुईणबाईंना खुर्चीसकट उचललं म्हणे. मग साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं आणि विचारलं, या लोकांना एकत्र आणलं कुणी?
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हणालो, त्यांचे ते आले, साहेब. माझा काडीचाही संबंध नाही.