केव्हाही या

३ जून

चि. ठकूस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून एवढी हरखले, की घरभर चष्मा शोधला आणि तो डोळ्यांवरच होता. मोठ्या ऑफिसातली नोकरी सोडलीस आणि लोकांचे हिशेब लिहायचं काम घरातच, पुढच्या खोलीत सुरू केलंस! मी दुसरी पास, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण नात मालकीण झाली एवढं कळतं. बोळात एकही दार सोडलं नाही सांगायचं. भिंगरी तीनला शाळेतून येते म्हणून दहा ते तीनच काम, त्यात बसतील तेवढीच गिऱ्हाइकं, असं तू लिहिलंयस. त्यावर मात्र हसले बाई. आलेल्या गिऱ्हाइकाला कुणी घड्याळ दाखवतं का? मी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, दार कधी ओढून घेतलं नाही.

तर एक उद्योग करून ठेवलाय. तुझ्यासाठी पाटी रंगवून घेतली, निळ्यावर पांढरी अक्षरं. रंगारी मेला खडूस, वेळ काय घालू म्हणाला. मी त्याला बजावलं, की माझी नात म्हणजे तिकिटाची खिडकी नव्हे, ‘केव्हाही या’ असं ठसठशीत घाल. ‘या’ जरा कलला होता, तो पुन्हा काढायला लावला. तुझा मामा पाटी घेऊन येतोय. ठोकून झाल्याशिवाय त्याला जेवायला वाढू नकोस.

लोभ आहेच, पाटीकडे बघून थोडा वाढव.
तुझी आजी

१९ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पाटी लागली. मामा ठोकून झाल्यावर जेवला आणि मग मुक्कामभर जेवतच राहिला. पाटी इतकी देखणी, की चालता माणूस थांबतो. औषधांचे दुकानदार सकाळी सातला बिलांची पिशवी घेऊन हजर, माझ्या तोंडात ब्रश. गॅरेजवाले रविवारी आले. आज सुट्टी आहे असं मी म्हणायच्या आत त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. तेव्हा काम भरपूर आहे, काळजी नको. तीनचं जरा मागेपुढे होतं, इतकंच.

भिंगरीला तुला लिहायचंय. तिला खाली जागा सोडते. तिनं काय लिहिलं ते बघायला थांबत नाही, बेल वाजतेय.

तुझा लोभ या पाटीएवढा रुंद राहू दे.
तुझी ठकू

पणजी, मला पाटी वाचता येते. केव्हाही या. मी शाळेतून आले की जाते. आई म्हणते नंतर ये. मग मी पायरीवर बसते. पाटी फक्त मोठ्यांसाठी आहे का? भिंगरी

२७ जून

चि. ठकूस,
अ. आ.

भिंगरीच्या ओळी चार दिवस वाचतेय.

तुझी आई अशीच माझ्या मशीनच्या पायाशी बसायची, चिंध्यांची बाहुली घेऊन. काही विचारायला आली, की माझ्या तोंडात टाचण्या, मी हातानंच थांब म्हणायची. पुढे पुढे ती यायचीच बंद झाली. मला वाटलं, पोर शहाणी झाली. आमची लेक मुळीच त्रास देत नाही, असं मिरवायची मी जगभर. काल तिला फोन करून विचारलं, की आठवतं का गं. ती म्हणाली, जाऊ दे आई, आता काय त्याचं. जाऊ दे म्हणाली. आठवत नाही असं नाही म्हणाली.

तू सगळं मापात बेतलं होतंस आणि मी न विचारता शिवण उसवली. माझं मन मोडेल म्हणून तू पाटी ठेवलीस ना? वेडे, माझं मन म्हातारं आहे, निबर आहे. पायरीवरचं कोवळं आहे.

नवी पाटी पाठवतेय, दहा ते तीन. तीननंतर कुणी आलं तर काय, असं रंगाऱ्यानं विचारलंच. त्याला म्हटलं, तू तुझ्या रंगाचं बघ. जुनी सरपणात घाल. आणि मामाला या खेपेस आधी वाढ. माणसाला अडवून काम करून घ्यायची माझी खोड वाईटच.

रागावली असशील तर तेही लिही, पण लोभ सोडू नकोस.
तुझी आजी

६ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

नवी पाटी लागली. औषधवाले कुरकुरले, पण आता दोनला येतात. गॅरेजवाले पाय आपटत गेले ते गेलेच.

सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. पहिल्याच दिवशी मी पाटी उतरवू शकले असते, तू ओरडली असतीस आणि विसरलीही असतीस. पण दाराशी माणसं थांबलेली मलाही आवडत होती. तुझ्या पाटीआड मी लपले, आणि भिंगरी पायरीवर आहे हे मला खिडकीतून दिसत होतं.

जुनी जाळली नाही. कुठे लावली ते भिंगरीच सांगेल.

लोभ आहे तसाच ठेव, त्याला वेळ घालू नकोस.
तुझी ठकू

पणजी, मामाआजोबांनी जुनी पाटी मधल्या दाराला लावली. माझ्या बाजूनं, माझ्या उंचीवर. काल शाळेला सुट्टी होती, मी अकरा वेळा गेले. अकराव्यांदा आई म्हणाली निदान टकटक तरी कर. पण ये म्हणाली. भिंगरी