फटफटीचा आवाज

अनंता,

मी काटोलले तुझ्या आत्याकडे जाऊन राहिलो. तिच्या घरी डब्यांवर पहारा नसते.

काल दुपारभर अंगणात बसून तुनं फटफटीचा कार्बोरेटर खोलला, जेट फुंकलं, स्क्रू पिळू पिळू आवाज बसवला. चांगलं केलं. पण सायंकाळी मांजरासारखा येऊन मागं उभा राहिला, हे बापाशी वागणं झालं काय? पहिले गाडी कशी चौकातूनच खोकत यायची, फाटकापाशी बंद पडायची. घरातल्या माणसाले सावध व्हाले वेळ भेटे.

संत्राबर्फी खराब तं नाही झाली, एवढंच मी पाहून राहिलो होतो. तोंडात टाकल्याबिगर ते कसं समजन गा? डॉक्टरनं माझं गोड बंद केलं हे मले पाठ आहे. सुनेसमोर म्हणून दाखवाची काय गरज होती?

आज सकाळी तोच स्क्रू मी उलटा पिळून ठेवला. गाडी पुन्हा खोकते. आता तिले हात लावू नको.

आणि माझ्यावर एकट्यावर चिडू नको. पेचकस कुठं राहते हेही मले माहीत नव्हतं. सूनबाईनंच आणून हातात दिला, न मागता.

— बाबा