अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी

बाबा, मी ओव्हन घेतला. तुम्ही हसाल. पण रोडगे खावेसे वाटले, आणि गोवऱ्यांचा जाळ एकटीनं कसा पेटवायचा? रोडग्यांना माणसं लागतात; कोणी कणीक मळतं, कोणी राख झटकतं, कोणी नुसतंच गप्पा हाणत बसतं. अमरावतीची नोकरी संपवून मी अकोल्याच्या आपल्या घरी परत आले, तर इथं गप्पा हाणणारंही कोणी उरलेलं नाही. म्हणून ओव्हन.

मी तो फ्रिजच्या एक्स्टेन्शनवरच लावणार होते. बरं झालं, आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं कपाळावर हात मारला. "काकू, घर पेटवता काय? हे मशीन लय लोड घेते." मग लाकडी पट्टीवरच्या तुमच्या वायरीला बोट लावलं, तर वरचं रबर भुरभुर खाली पडलं. "हे सगळं काढा लागन," म्हणे. मला असा राग आला! मिलमधून थकून यायचे तुम्ही, आणि स्टुलावर चढून एकेक क्लिप ठोकायचे. मी म्हटलं, "माझ्या बाबांनी केलेलं आहे ते." तो म्हणाला, "काम चांगलंच हाय, काकू. पन वायरीले बी म्हातारपन येते." काढ म्हटलं, काढ सगळं.

त्यानं घरभर नवी वायर टाकली. ओव्हनसाठी मेन बोर्डापासून वेगळी जाड तांब्याची लाइन, तिचा वेगळा एमसीबी, मोठा पॉवर प्लग, आणि करंट गळला की लाइन तोडणारा एक स्विच. शेवटी त्या स्विचच्या आधीच्या फेजला आणि अर्थिंगला टेस्टिंगचा बल्ब लावला. पेटलाच नाही. "अर्थिंग मेलं, काकू. पानी टाकत नव्हते काय?"

आणि मी एकदम मे महिन्यातल्या अंगणात. नळाला कितीतरी दिवस पाणी नाही, काळी माती भेगाळलेली, आणि तुम्ही कण्हेरीखालच्या खड्ड्यात बादली ओतताय. आई ओट्यावरून ओरडते, "मानसायले पानी नाही अन् तुमी जमिनीले काहून पाजून राहिले?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "जमीन कोरडी पडली त शॉक पोरीले लागन." आई दुसऱ्या दिवशी भांडी विसळलेलं पाणी स्वतःच बाजूला ठेवते. तुम्ही गेलात, ती गेली, आणि त्या खड्ड्यावर मी फरशी टाकून कुंडी ठेवली. मला काय माहीत, बाबा! खरंच काय माहीत होतं मला?

नवा खड्डा केला. पाइप, मीठ, कोळसा, सगळं घातलं. बल्ब लख्ख पेटला. जाताना त्यानं बजावलं, "उन्हायात आठवड्याले एक बादली टाकत जा. कोन टाकन?" मी म्हटलं, आहे ना मी.

काल रोडगे केले. खरपूस झाले, धुराचा वास तेवढा नव्हता. वरणात कुस्करून उभ्यानंच खाल्ले.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. आठवड्याला एक पुरते म्हणाला तरी मी रोज बादली ओतते, आणि ओतून झाली की मोठ्यानं म्हणते, "टाकलं, बाबा." कधी कधी दिवसभरात तेवढंच बोलणं होतं.