ऐंशीला येणारी थरथर

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

पुन्हा तेच! काटा ऐंशीवर आला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. सत्तरपर्यंत गरीब गाय, ऐंशीला अंगात आल्यासारखी. दुखान गावाच्या रस्त्यावर आज दोन्ही हातांनी आवळून धरलं तरी थांबेना. बाजूला विभावरी पर्स पोटाशी धरून — "अहो, तुमच्या म्हशीला ताप भरलाय." तेहतीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्या एकाही गाडीचं कौतुक केलेलं नाही.

९६ ची लँडक्रूझर. आधीच्या मालकानं वाळूत पळवायला चार इंच उचलून घेतलेली. विभावरीला चढायला स्टूल लागतं. पण मी शब्द दिलाय. एकतीस जानेवारीला रिटायर, फेब्रुवारीत आखात सोडून नाशिक. त्याआधी तिला खोर अल उदैद दाखवायचं. वाळूच्या टेकड्यांमधून समुद्र आत शिरतो, ते. सव्वीस वर्षं "पुढच्या थंडीत" म्हणत आलो. टूरवाल्याबरोबर नाही, भाड्याच्या ड्रायव्हरबरोबर नाही. मी स्वतः चालवत नेणार.

सगळी नोकरी प्लान्टमधली गेजं तपासण्यात गेली. नियम एकच — एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मोजायचं. दोष सापडतोच. जाईल कुठे!

शनिवार, ९ नोव्हेंबर

सनय्यातून, इथल्या गॅरेजांच्या वस्तीतून, रहमान आला. पेशावरकडचा मेकॅनिक, साठी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल. पुढचे सगळे सांधे इथेच, गराफ्यात, आमच्या पोर्चमध्ये खोलू म्हणाला. "और खोलोगे आप. मैं बताऊँगा." बापरे!

आधी तपासणी. मी वर बसून स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे करायचं. तो खाली आडवा. एकेका सांध्यावर तळहात ठेवून डोळे मिटतो (मी दार उघडून वाकून पाहिलं!) आणि निकाल देतो. "ये गया." पुढचा. "ये जिंदा है." पुढचा. "ये भी गया." सात सांधे, पाच मिनिटं.

माझा विश्वास बसेना. डायल गेज लावलं. सातही ठिकाणी तो म्हणाला तेच! ज्याला गेला म्हणाला तो मिलीमीटरभर हलत होता, ज्याला जिंदा म्हणाला त्याला गेजचा काटा ढिम्म. मी गेजवर आयुष्य काढलं आणि या माणसाच्या तळहातात ते जन्मतःच बसवलेलं. खुळ्यासारखा बघत राहिलो.

मग मीही हात ठेवून पाहिला. मला सगळेच सांधे हलताहेत असं वाटलं. सवय लागते याला.

चहा आला. रहमानला काठोकाठ, मला अर्धा कप. पाहुण्याचा मान!

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सकाळपासून जुम्म्याच्या नमाजापर्यंत काम. उजवं चाक उतरवलं, नकल खोलली. चाक जिच्यावर वळतं ती ही लोखंडी मूठ. आत काळं ग्रीस, वास असा की तीन साबण झाले तरी हातावरून जात नाही.

आणि आत काय निघालं! वर एक आणि खाली एक, पेढ्याएवढी दोन बेअरिंगं. एवढीच. एवढ्या दोघांवर एवढं मोठं चाक वळतं. रहमाननं बेअरिंगची वाटी पुसून माझ्या हातात दिली — "नाखून फिराओ." नख फिरवलं तर खळगे लागले. ओळीनं, एकसारखे. अठ्ठावीस वर्षं गाडी बहुतेक सरळच चालली. रोलर त्या एकाच जागी बसून राहिले, धक्के खात राहिले आणि पोलादात आपली जागा करून बसले. आता त्या खळग्यांतून बाहेर पडताना गाडी अडखळते. 

पोलाद! बसून बसून त्यालाही खड्डा पडतो. वाटी फेकवेना. खिशात घातली.

रविवार, १७ नोव्हेंबर

विभावरीला माझी किराण्याची यादी वाचता येईना. "ही मुंग्यांची रांग कुठली?" म्हणाली. अक्षर बारीक झालंय खरं. कागद वाचतो! आता यादी तीच करणार म्हणे. लक्ष्मीपूजनाची आरतीही यंदा तिनंच केली, ताट माझ्या हाती दिलंच नाही. घरात सत्तापालट झालेला दिसतोय.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नवी बेअरिंगं बसली. ती किती घट्ट हवीत हे पाहायला नकलला हूक लावून वजनकाट्यानं ओढायचं. साडेतीन ते पाच किलोच्या मध्ये कुठेतरी ती वळली पाहिजे. असला काटा कुठून आणणार? विभावरी आतून घेऊन आली — बॅगा तोलायचा! दर सुट्टीला ज्याच्यावर खजूर आणि दुधाच्या पावडरीचे डबे काढ-घाल केले तो, लाल काट्याचा. रहमान खूश. "हिंदुस्तानी घर में ये पक्का मिलता है."

मी ओढलं. काटा तीनवर, सहावर, चारवर. नुसता नाचतोय! रहमाननं ओढलं. साडेचारवर येऊन असा थांबला जसा छापलेला. पुन्हा मी. पुन्हा नाच. 

जुना झालाय काटा. स्प्रिंग गेली असणार.

शनिवार, २३ नोव्हेंबर

पोर्चच्या हुकाला काटा टांगून तांदळाची पाच किलोची पिशवी अडकवली. बरोब्बर पाच. दहा वेळा पाहिलं. काट्यात दोष नाही. मग माझ्या हाताला ग्रीस असणार, पकड नीट बसली नसणार.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

झालं! दोन्ही चाकांच्या नकल, चार बॉल जॉइंट, धक्के पिणारा डॅम्पर, रबरी बुश, सगळं नवं. बुशांचं कौतुक लिहूनच ठेवतो. गाडी उचलली की पुढच्या चाकांचा कलच बिघडतो. सायकलचा चिमटा सरळ उभा केला तर हात सोडून चालवता येईल का? तसं. त्यावर उपाय काय, तर भोक जरा एका बाजूला पाडलेले बुश! अंगठ्याएवढं भोक, जरासं सरकवलेलं, आणि अडीच टनांची गाडी पुन्हा सरळ धावायला शिकते. ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला साष्टांग नमस्कार.

रहमान एकटाच चक्कर मारून आला. खाली उतरला, बोटांची टोकं जुळवून ओठांना लावली. "मक्खन."

रविवार, १ डिसेंबर

ऑफिसला घेऊन गेलो. थरथरतंय! ऐंशीला काय, साठलासुद्धा. सिग्नलला उभी असतानासुद्धा असं वाटलं! 

रहमानला फोन केला, जरा चढ्या आवाजात बोललो. तो एवढंच म्हणाला, "जुमे को आता हूँ." घरी आल्यावर पुन्हा अर्धा कप चहा. तिच्यावरही ओरडलो, दूध संपलंय का म्हणून. तिनं फ्रिजमधली दुधाची भरलेली बाटली समोर आणून ठेवली. ते जास्त लागलं.

मंगळवार, ३ डिसेंबर

चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं. फरक नाही. मागची चाकं पुढे घातली. फरक नाही. आता बदलायला काय उरलं?

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळी रहमान आला. शहानियाच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर गेलो. डॅशबोर्डवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवली, मोजमाप म्हणून. आधी तो चालवायला बसला. सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर. बाटलीतलं पाणी स्वस्थ. एका बोटानं चालवून दाखवली त्यानं. दोन्ही बाजूंना वाळू, समोर सरळ रस्ता आणि अठ्ठावीस वर्षांची ही म्हैस पाण्यावरून सरकावी तशी चाललेली. हे मी माझ्या हातांनी उभं केलं!

मग मी बसलो. ऐंशी. स्टिअरिंग थरथरायला लागलं. "देखो! देखो!" मी ओरडलो. रहमान स्टिअरिंगकडे बघत नव्हता. बाटलीकडे बघत होता. मीही बघितलं. पाणी स्वस्थ.

"साइड में लो, साहब."

गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. माझे हात अजून स्टिअरिंगवरच होते. त्यानं त्याचा तळहात माझ्या उजव्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले. सांध्यांवर ठेवायचा तसाच. मी निकालाची वाट बघत राहिलो. सातांना पाच मिनिटं लावणारा माणूस, एका हाताला केवढा वेळ लावला त्यानं!

"गाडी जिंदा है, साहब," म्हणाला. येताना त्यानं चालवली.

शनिवार, ७ डिसेंबर

सकाळचा चहा. अर्धा कप. विचारलं, कधीपासून?

"गणपतीपासून." माझ्या हातातल्या आरतीच्या ताटात निरांजनाची वात हलत होती, पंखा बंद असून. मग तिनं ताट काढून घेतलं, यादी काढून घेतली, चहा सांडू नये म्हणून कप अर्धा भरायला लागली. दोनदा विषय काढला होता म्हणे. दोन्ही वेळा मी गाडीचं सांगत बसलो. ना गेज, ना काटा — नुसतं बघून कळलं हिला!

सोमवारची डॉक्टरांची वेळ तिनं घेऊन ठेवली आहे. शुक्रवारी उदैद. रहमान त्याची पिकअप घेऊन पुढे असणार, त्याच्या मागून हळू मी चालवणार. "म्हशीवर मी बसते," म्हणाली, "स्टूल तेवढं तुम्ही लावा."

कप भरून मागितला. तिनं काठोकाठ भरला. सांडला थोडा. सांडू दे.