हिरवा म्हणजे सगळं ठीक

४ मार्च
बाबांना ॲडमिट केलं. न्यूमोनिया. घाबरण्यासारखं काही नाही. वय झालंय, छातीत कफ धरला, इतकंच. आयसीयूत ठेवलंय ते फक्त लक्ष ठेवायला. सगळ्यांना फोन करून हेच सांगितलं.

नशीब म्हणा, घरात मॉनिटर कळणारा एक माणूस आहे. इतकी वर्षं मी मालिकांसाठी खोटे कॉम्प्युटर स्क्रीन बनवतोय. हॅकरचे, पोलिसांचे, रॉकेट सोडणाऱ्यांचे. पण माझा हातखंडा हॉस्पिटलचा. हृदयाची रेष कुठे नाचवायची आणि कुठे आडवी पाडायची, हे माझ्याइतकं या लाइनीत कोणाला कळत नाही. नियम सोपा आहे. हिरवा म्हणजे पेशंट वाचला. लाल म्हणजे आता जाहिराती.

बाबांच्या मॉनिटरवरचा सगळ्यात मोठा आकडा हिरवागार आहे.

ताईचा फोन आला. येऊ का म्हणाली. नको म्हटलं. ती आली की तासाभरात हॉस्पिटल ताब्यात घेते. आईच्या वेळी तिनेच सगळं निभावलं. नातेवाईक अजून तिचं कौतुक करतात. मी तेव्हा फक्त चहा आणत होतो. या वेळी बाबांना मी घरी आणणार.

५ मार्च
मॉनिटरचं डिझाइन अत्यंत रटाळ. काळा पडदा, चार रेघा, चार आकडे. फिरणारं हृदय नाही, फुगणारी फुप्फुसं नाहीत, कोपऱ्यात पृथ्वीचा नकाशासुद्धा नाही. मधूनच एक आकडा लुकलुकतो, तेवढाच काय तो इफेक्ट. असल्या स्क्रीनसमोर पेशंटला जगायची उमेद कशी वाटणार?

संकल्प: हॉस्पिटलला नवीन स्क्रीन फुकटात डिझाइन करून द्यायचा. सिस्टरना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, भेटायची वेळ संपली. या लोकांना व्हिजनच नाही.

बाबांनी मास्क बाजूला करून विचारलं, ताई कधी येते. म्हटलं, ती कामात आहे, तुम्ही बरे व्हा, मग येईलच. त्यांनी मान हलवली. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी मान हलवायची आणि शेवटी स्वतःला पटेल तसंच कापड कापायचं, ही त्यांची जुनी सवय.

६ मार्च
दिवसभर स्टुडिओ. हिरॉइनच्या सासऱ्यांना हार्ट अटॅक. डायरेक्टर म्हणाले, तुझी रेष नुसती चालते, ती रडली पाहिजे. मग रेष थरथरवली. मागे लाल धूर सोडला. वर ‘जीव धोक्यात’ असं ठळक अक्षरांत लिहिलं. तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी खाली पट्टी टाकली, ‘हृदय सुरू होत आहे’, आणि ती नव्याण्णव टक्क्यांवर अडकवली. सगळ्या युनिटने श्वास रोखला. डायरेक्टरांनी पाठ थोपटली.

हॉस्पिटलला जायचं राहिलं. बायको जाऊन आली. बाबा थकलेले वाटतात म्हणाली. थकणारच, आराम चाललाय.

उद्या पूर्ण दिवस बाबांपाशी. नक्की.

७ मार्च
पूर्ण दिवस जमला नाही. सासऱ्यांचा रीटेक. संध्याकाळी जेमतेम अर्धा तास मिळाला. पण तेवढ्यात सगळं बघून घेतलं. श्वासाचा पिवळा आकडा परवा चोवीस होता, आज तीस. चढता आहे.

ताईला फोनवर सांगितलं, आकडे वाढताहेत.  तिने विचारलं, कुठला आकडा रे? म्हटलं, तू शाळेत भूगोल शिकवतेस, तुला सांगून काय कळणार. म्हणाली, मी उद्याची गाडी बघते. म्हटलं, वेडेपणा करू नकोस, सुट्टी जपून ठेव, बाबा घरी आले की चार दिवस निवांत राहायला ये. तिला ते पटलं. म्हणजे, ठीक आहे म्हणाली.

माझ्या शब्दाला या घरात पहिल्यांदाच वजन आलंय. बरं वाटलं.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंनी बाजूला बोलावलं. औषधं लागू पडत नाहीत म्हणाल्या. मग म्हणाल्या, “ज्यांना भेटायचं आहे त्यांना बोलावून घ्या.”

मी खिशातून फोन काढला. मग लक्षात आलं, हे वाक्य आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. आमच्या मालिकेत ते महिन्यातून एकदा तरी येतं आणि पुढच्याच भागात पेशंट डोळे उघडून पाणी मागतो. डॉक्टरांना सावधगिरी म्हणून असं बोलावंच लागत असणार. शिवाय बाई अगदी हळू आवाजात बोलल्या, हातातल्या पेनाचं टोपण लावत. खरंच गंभीर असतं तर कोणी असं बोलतं का?

घरी आल्यावर बायको म्हणाली, अहो, आता तरी ताईंना कळवा. उद्या बघू म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही तिथे जाऊन टीव्ही बघत बसता, बाबांकडे बघतच नाही. बाबांकडे बघून काय कळणार? डोळे मिटलेले, तोंडावर मास्क. जे काही कळतं ते स्क्रीनवर.

आज बाबांनी फक्त “ती?” एवढंच विचारलं. म्हटलं, निघाली आहे. खोटंच बोललो. पण पेशंटचा मूड महत्त्वाचा.

१० मार्च, सकाळ
दोन चांगल्या गोष्टी.

एक, मशीनचा तो कटकट्या अलार्म सिस्टरनी बंदच करून टाकला. म्हणजे धोका टळला.

दोन, बाबांचे हात हलायला लागले. अंगठा आणि बोट जुळवून चादरीची कड चिमटीत धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. शिवण तपासताहेत. मी सिस्टरना मोठ्या अभिमानाने दाखवलं, बघा, हात कामाला लागले. त्या बघत राहिल्या. मग स्वतः खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाल्या, आज तुम्हाला वेळेचं बंधन नाही, बसा हवं तेवढं. शेवटी माणसाची किंमत कळते लोकांना.

श्वास छत्तीस. मोठा आकडा हिरवाच.

स्टुडिओतून फोन. सासरे वाचले, आता त्यांच्या घरी परतण्याचा स्क्रीन हवा. परवा देतो म्हटलं.

बायकोने माझ्या पाठीमागे ताईला फोन केला. ताई हातातला खडू ठेवून वर्गातून तशीच निघाली म्हणे. मला राग आला. गेली ना सुट्टी वाया.

११ मार्च
बाबा काल दुपारी गेले.

लांब बीप झाला नाही. कोणी धावत आलं नाही. हिरवा आकडा कमी कमी होत गेला. मला वाटलं, शांत झोप लागली. मग तिथे दोन छोट्या आडव्या रेघा आल्या. त्याही हिरव्याच होत्या.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हिरवा होता, मग असं कसं झालं? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, नाडीचा आकडा हिरवाच असतो. ऑक्सिजन निळा, श्वास पिवळा. वेगवेगळे ओळखू यावेत म्हणून रंग, बाकी त्यांचा काही अर्थ नाही. आणि श्वास इतका वाढणं वाईटच. हे त्यांनी मला पहिल्या दिवशीही सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल.

ताई संध्याकाळी पोचली. खांद्याला शाळेचीच पिशवी. मला वाटलं, आता बोलेल, का येऊ दिलं नाहीस विचारेल. तिने विचारलं नाही. बाबांच्या पायावरची चादर नीट केली, थोडा वेळ त्यांचा हात धरून उभी राहिली. मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, पण तिच्यासमोर रडायला तोंड नव्हतं.

बाहेर आल्यावर ती बाकावर माझ्या शेजारी बसली. म्हणाली, “शेवटी काही म्हणाले का रे?”

म्हटलं, तुझं नाव घेतलं.

ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “बरं झालं, तू तरी जवळ होतास.”

ओठ हलले होते. मास्कमागे काहीतरी हललं, एवढं मला डोळ्याच्या कडेने दिसलं. मी स्क्रीनकडे बघत होतो.