कळकट पितळ

प्रिय दामिनी,

प्रिय लिहायचं असते म्हणून लिहिलं. राग आहे तो आहेच, तुझा माझ्यावर अन् माझा तुझ्यावर. फोन तू उचलत नाही. तुझ्या बापानं मोबाइलमध्ये माझा आवाज भरून पाठवला, तोही तू ऐकला नाही. ऐकला असता तर खूण निळी झाली असती असं तो म्हणते, अन् मी दिवसातून चारदा ती खूण पाहत बसते. म्हणून कागद घेतला. पत्राचं एक बरं असते, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागते. माझी तिसरी झाली, तीही पुरती नाही, तेव्हा अक्षर जसं आलं तसं वाच. अन् आजी माफी मागायले बसली असं समजू नको. कळकट पितळ समोर दिसलं तर बाईमाणूस घासणारच. माझ्या मायनं हेच शिकवलं, दुसरं काही शिकवायले तिले फुरसत नव्हती.

घरचं बरं आहे. मृग बहाराची संत्री तुटून राहिली. आंबिया बहाराचा फुलोरा यंदा असा आला होता की बागेतून फिरून आलं तर लुगड्याले रात्रभर वास राहे. आता बारीक फळ धरलं आहे. तुझी खोली तुझ्या मायनं झाडून ठेवली, पडदा मात्र मी उघडला. गेल्या सालच्या होळीले तू आली तेव्हापासून तो बंदच होता. पुण्याच्या कंपनीनं तुले घरी पाठवलं त्याचं मले काही वाटलं नव्हतं. नोकरी जाते, दुसरी येते. पण तू आली ती निम्मीच आली. काही विचारलं तर हो, नाही, नंतर, एवढे तीनच शब्द तुझ्यापाशी उरले होते. तुझी माय रागिणी दृष्ट काढून काढून थकली, मिरच्यांचा ठसका मात्र मले लागला. मंग तुझ्या बापानं अमरावतीच्या डॉक्टरले दाखवलं, त्यानं गोळ्या दिल्या. त्या घेते ना? मनानं सोडू नको. मी बीपीच्या घेते, तू त्या घे. त्यात लाज नाही अन् मर्दुमकीही नाही.

मंग जेठाच्या उन्हात एक दिवस तू माळ्यावर चढली अन् आबाजीचा फवारणीचा पितळी पंप खाली घेऊन आली. मोरचूद लोखंडाले खाते, म्हणून त्या काळी संत्र्याच्या फवारणीले पंप पितळीच लागे. मोरचुदाचं निळं पाणी मी भरून देत होती अन् ते पाठीवर घेऊन झाडोझाड फिरत होते. तू विचारलं, “आजी, हा कापू का?” तुझ्या बापाचे डोळे लगेच भरले. देवानंदाचं तसंच आहे, लहानपणी बकरी विकली तरी रडे. म्हणाला, “माय, बाबाची आठवण होय थे.” मी म्हटलं, “आठवण माळ्यावर नाही टाकत कोणी, माळ्यावर अडगळ टाकतात. काप वं पोरी.” खरं सांगू, त्या पंपाचा मले लोभ कधीच नव्हता. त्याच्या पट्ट्यानं तुझ्या आबाजीच्या खांद्यावर जो घट्टा पडला, तो सरणावर ठेवलं तेव्हाही दिसत होता. तू आरी लावली तेव्हा मले वाटलं, दोन हात आपणही मारावे.

तेव्हापासून तुझ्या खोलीतून कानशीचा आवाज यायले लागला. पंपाच्या नळीच्या तू नखाएवढ्या चकत्या पाडल्या, एकेक चकती घासून अंगठीसारखी केली. मी म्हटलं, कोणाचं लग्न काढलं? तू म्हटलं, ही कीबोर्डची बटनं. टाकीचा पत्रा ठोकून सपाट केला, त्याचं खोकं केलं, दोन्ही बाजूले वाळलेल्या संत्र्याचं पिवळं लाकूड बसवलं, कोपऱ्यात पंपाचा प्रेशरचा काटा लावला. तो काटा काय दाखवते विचारलं तर म्हणे काहीच नाही, शोभेले आहे. आमच्या घरात शोभेचं म्हणून एक तुझा बापच होता, आता दोन झाले. बटनाखालचे स्विच तू एकेक करून काढत होती, तेल लावून परत बसवत होती, अन् कानाजवळ धरून टक टक वाजवून पाहत होती, जशी मी बाजारात नारळ वाजवून घेते. म्हणे, प्रत्येक बटनाचा आवाज सारखा आला पाह्यजे.

अशा थाटाले स्टीमपंक म्हणतात, वाफेच्या इंजिनाच्या जमान्यातलं वाटलं पाह्यजे, हेही तूच मले सांगितलं. माय, मी त्याच जमान्यातून आली. मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत शकुंतला गाडीत बसून मी नवरी आली, तेव्हा पुढे वाफेचंच इंजिन होतं. डोळ्यात कोळशाची कणी गेली. सासरच्या बायकांनी पाहिलं तर नवरी एकाच डोळ्यानं रडून राहिली. म्हणाल्या, पोरगी मोठी मायाळू आहे. पुढं त्यांचा तो गैरसमज मी फार दिवस टिकू दिला नाही. वाफेचं कौतुक ज्याच्या डोळ्यात कोळसा गेला नाही त्याले. पण तू त्या दिवशी चुलीपाशी बसून इतकं बोलली, हात हलवून हलवून बोलली, की मी तव्यावरची भाकर करपू दिली अन् उठली नाही.

तू मले सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सांगितली नाही. कानशीनं पितळ नव्यासारखं झळकायले लागलं होतं, ते तुले नको होतं. मोबाइलवर पाहून तू त्याले मीठ, व्हिनेगर अन् डब्यात उरलेलं मोरचूद लावलं अन् कळकट व्हावं म्हणून गच्चीवर ठेवलं. दिवाळी तोंडावर आलेली. माझ्या अंगणात घरचं सारं पितळ काढलेलं, चिंच भिजलेली, राख चाळलेली. गच्चीवर गेली तर परातीत तुझं खोकं अन् अंगठ्या, हिरव्या-काळ्या, जशा कोणी शेणखतात टाकून विसरल्या. आतलं वायरचं काही बसवलं नव्हतं एवढंच नशीब. मी म्हटलं, पोरीनं एवढी मेहनत केली, आपणही जरा हात लावू. एकेक अंगठी घासली, नखं सोलली. उन्हात मांडून ठेवली तर सोन्यासारखी दिसे.

तू आली, पाहिलं, अन् अशी किंचाळली की शेजारच्या जमुनेच्या हातून रांगोळीचा डबा पडला. “म्हातारे! हे काय केलं तू? कोणं सांगतलं होतं तुले?” तुझी माय झारा घेऊनच बाहेर आली. तू पुढं अजून बोलली, ते मी लिहीत नाही, तुले पाठ असेल. मी चिंचेच्या हातानं तशीच उभी. अन् आता खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं. हे आजवर कोणाले सांगितलं नाही. चुलीपाशीचा तो एक दिवस सोडला तर होळीपासून दिवाळीपर्यंत या घरात तुझा आवाज वरवरचा येत होता, त्या दिवशी पोटातून आला. ज्याचं काही जाते तोच ओरडते. तुझ्यापाशी जाण्यासारखं काही तयार झालं होतं, हे मले तेव्हा कळलं.

पण दुसऱ्या दिवशी तू सगळं परातीत तसंच टाकलं, बॅग भरली अन् अकोल्याले मावशीकडे गेली. तुझ्या मावशीले, पौर्णिमाले, मी फोन करते. ती म्हणते, दामिनी एका शिकवणी क्लासच्या काउंटरवर बसते, येते, जेवते, झोपते, “काहीच तरास नाही जी पोरीचा.” तेच ऐकून मले भेव वाटते. तरास देत नाही म्हणजे पुन्हा निम्मी झाली. मी विचारलं, कानशीचा आवाज येते का? म्हणे, हत्याराची पिशवी तशीच पलंगाखाली आहे.

तुझ्या त्या चंदनचाही फोन आला होता, ज्यानं हा कीबोर्ड तुझ्याकडून करून मागितला. तू त्याले ‘खराब झाला, आता होत नाही’ एवढं लिहून मोकळी झाली. पार्सलसाठी तू तुझ्या मायचा नंबर दिला होता, त्यानं तिथं लावला, अन् उचलला मी. पोरगा वर्ध्याचा, राहते बंगलोरले. मी विचारलं, बाबू, दुनियेले चकचकीत लागते, तुले असं काळं-हिरवं कायले पाह्यजे? म्हणे, “आजी, जुनं दिसलं पाहिजे अन् हाताचं काम दिसलं पाहिजे.” मी म्हटलं, “मंग मलेच घेऊन जाय. जुनीही आहो अन् हाताचं कामही येते.” लय हसला. मंग म्हणे, ताईले सांगा घाई नाही, दुसऱ्याकडून मी घेणार नाही. मी त्याले सांगितलं, गुढीपाडव्यापर्यंत धीर धर. काहून सांगितलं ते आता येते.

आधी माझी जी बदनामी चालली आहे ती ऐक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले तुझ्या मायनं काळंकुट्ट तबक फिरवलं. जमुना चारचौघीत म्हणाली, “काहून वं कौशल्याबाई, हाताले लकवा मारला का चिंचेचं झाड वाळलं?” आमच्या घरच्या तांब्यात तोंड पाहून बायका टिकली नीट करत, अन् आता हे. तुझी माय घासायले बसली की मी तिच्या हातून भांडं ओढून घेते. तुझ्या बापानं पितळ घासायची पावडर आणली, ती मी कपाटात ठेवली. त्याले वाटलं, माय गेली कामातून, डोकं फिरलं. मले अमरावतीले घेऊन गेला. तिथला डॉक्टर लहान पोरगाच. वार विचारला, सांगितला. मंग म्हणे, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, शेवटी विचारीन. गाय, चावी, आंबा. बोलता बोलता तोच विचारायचं विसरला. दारापर्यंत जाऊन मी वळली अन् म्हटलं, “डॉक्टरसाहेब, गाय, चावी, आंबा. तुमचं कोण तपासते?” गाडीत तुझा बाप म्हणे, “डोकं चांगलं आहे तर मंग भांडे काहून घासत नाही वं माय?” मी म्हटलं, भांडी माझी, चिंच माझी.

आता ऐक. तू गेली त्या आठवड्यापासून घरातलं सारं पितळ गच्चीवर उघड्यात आहे. परात, घंगाळ, दोन्ही तांबे, तुझ्या पंपाचा उरलेला पत्रा, अन् तुझं खोकं, तुझ्या अंगठ्या. कोणाले वापरायचं असलं तर वापरते अन् तसंच वर नेऊन ठेवते. देवाची समई तेवढी खाली आहे, देवाले तुझं स्टीमपंक चालत नाही. थंडीचं दव पडलं, गोठ्यावरून वारा आला, होळीचा धूर बसला. आधी तांबूस झालं, मंग तपकिरी, आता कडेकडेनं मोराच्या मानेसारखं हिरवं उतरून राहिलं. तू लावलेलं होतं ते चिंचेच्या पहिल्या हातात गेलं होतं. हे मी एका झाकणावर घासून पाहिलं, लवकर जात नाही. घरात कोणाले सांगितलं नाही, नाहीतर तुझा बाप गच्चीवर बसून रडला असता अन् त्यानं डाग पडले असते. हे पत्र जानरावच्या हाती देऊन राहिली, त्याची संत्र्याची गाडी अकोल्याले येते. पितळाचं पोतं भरून त्याच गाडीत टाकता आलं असतं. टाकलं नाही, टाकणारही नाही. पाह्यजे तर स्वतः ये, अन् पलंगाखालची पिशवी घेऊन ये. पाडव्यापर्यंत मी हात लावत नाही. पण गुढीवर काळा तांब्या मी उपडा घालणार नाही, हे सांगून ठेवते. आदल्या दिवशी सकाळी चिंच भिजत घालीन. त्याआधी आली तर सारं तुझं, नाही आली तर माझं. अन् येऊन पुन्हा ओरडायचं असलं तर जरा मोठ्यानं ओरड, डाव्या कानानं मले आता कमी ऐकू येते.

तुझीच, अन् गल्लीत तुझ्यापायी बदनाम झालेली,
आजी